गावठी कोळसाभट्टी: एका पोत्यामागं गावाचं काय जातं, काय राहतं?

भोगावतीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दिवाळी सरली की पश्चिमेकडच्या तालुक्यांत, म्हणजे राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड भागात, कोळशाच्या भट्ट्यांचा विषय निघतोच. ग्रामसभेत एक जण म्हणतो हाताला काम मिळतंय, दुसरा म्हणतो रान संपलं. दोघांचंही खरं असतं, पण आकडा कुणाकडंच नसतो. मग आवाज ज्याचा मोठा, त्याचा ठराव होतो.

म्हणून हा धागा. एका पोत्याला लाकूड किती लागतं, भट्टी नीट लावली तर किती वाचतं, धुराचा त्रास कुणाला आणि किती, मजुराचा हिशोब कसा असतो, कायदा काय सांगतो? ग्रामसभेत कागदावर मांडता येईल असंच लिहा ही विनंती. "भट्टी हवी की नको" यावर मतदान नको. आधी हिशोब मांडू.

जांभ्यावरचा

चांगला विषय काढला भावा. लाकडापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

हिरवं तोडलेलं लाकूड वजनानं जवळजवळ निम्मं पाणी असतं. दोन-तीन महिने रचून वाळवलं की पाणी १५ ते २० टक्क्यांवर येतं. साध्या मातीच्या भट्टीत अशा वाळक्या लाकडाचा १० ते १५ टक्के कोळसा मिळतो. हात बसलेला भट्टीवाला असेल तर २० ते २५ पर्यंत जातो.

आता पोत्याचं गणित. पोतं ३० किलोचं धरा आणि उतारा १५ टक्के. वाळकं लाकूड लागलं २०० किलो. तेच लाकूड तोडताना हिरवं होतं तेव्हा सव्वातीनशे किलोच्या आसपास होतं. १० टन कोळशाची एक गाडी गावाबाहेर गेली म्हणजे १०० टनांवर हिरवं लाकूड रानातून गेलं. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. पोती मोजताना झाडं डोळ्यांसमोर येत नाहीत, टन लिहिले की येतात.

उष्णतेचा हिशोबही बघा. वाळक्या लाकडात किलोमागं साधारण १५ मेगाज्यूल उष्णता असते, चांगल्या कोळशात २९ च्या आसपास. २०० किलो लाकडातले ३००० मेगाज्यूल भट्टीत घातले आणि पोत्यात ८७० भरले. बाकी ७० टक्के धूर होऊन वाडीवस्तीवर गेले. उतारा २५ टक्क्यांवर नेला तर त्याच पोत्याला १२० किलो लाकूड पुरतं, तरी निम्म्याहून थोडी जास्त उष्णता जातेच. भट्टी कितीही सुधारली तरी हे नुकसान शून्य होत नाही, हे आधीच मान्य करून पुढं जाऊ.

हुपरीकर

कोळसा जातो कुठं तेही लिहून ठेवा. ज्या वाडीत भट्टी लागते तिथल्या चुलीत हा कोळसा जळत नाही. वाडीत जळण म्हणजे फाटे, काट्या, शेणी; उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाला चिपाड. कोळसा जातो शहरातल्या इस्त्रीवाल्याकडं, तंदूरवाल्या हॉटेलात, लोहाराच्या भात्यावर आणि सोनार-चांदीवाल्याच्या शेगडीत. आमच्याकडं चांदीच्या आटणीला पूर्वी कोळशाशिवाय चालायचं नाही. चांदी ९६२ अंशांना वितळते, भात्याचा वारा मिळाला की कोळशाचा निखारा तेवढी धग सहज देतो. आता गॅस आणि विजेच्या भट्ट्या बऱ्याच आल्या.

एक गल्लत मात्र कायम होते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत जो वापरतात तो कोक. दगडी कोळशापासून केलेला तो वेगळा माल. फाउंड्रीमुळं रान तुटतंय असं कुणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

भोगावतीकाठ

@जांभ्यावरचा, १५ वरून २२-२५ वर जायला नेमकं काय करावं लागतं? भट्टी कशी लावतात तेही सविस्तर लिहा. इथं बऱ्याच जणांनी फक्त धूर बघितलाय.

जांभ्यावरचा

लिहितो. लांबलं तर चालवून घ्या.

मध्यम भट्टी म्हणजे ४ मीटर व्यासाचं गोल आळं आणि मधोमध दीड मीटर उंची. यात रचून साधारण ११ घनमीटर लाकूड बसतं. फटी वजा केल्या तर ५ टनांच्या आसपास वाळकं लाकूड. जागा सपाट, पण पाणी साचणारी नको. जमीन ओली असेल तर पहिले दोन दिवस भट्टी जमिनीतलं पाणी उकळण्यातच लाकूड खाते.

खाली आधी आडव्या काठ्यांचा माच घालायचा, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही आणि बुडाशी हवा फिरते. हा माच वाचवायला जातात आणि बुडाचं सगळं लाकूड कच्चं राहतं. माचावर मीटरभर लांबीचे ओंडके, जाड मधे, बारीक कडेला. जाडी १० ते २० सेंटीमीटर. त्याहून जाड असेल तर फोडून घ्या. जाड आणि बारीक मिसळून लावलं तर बारीक जळून राख होतं तेव्हा जाड अजून आतून तपकिरी असतं. फटीत ढलप्या आणि काटक्या ठासायच्या. मधे धुराड्याची जागा सोडायची.

वर १५ सेंटीमीटर पाला किंवा गवताचा थर, त्यावर १५ ते २० सेंटीमीटर माती. पाला कशासाठी, तर माती लाकडात झिरपू नये म्हणून. माती निवडताना चूक होते. काळी चिकण माती तापली की तडकते आणि तडा म्हणजे हवा. नुसती मुरमाड माती घसरते. रेताड पोयटा सगळ्यात चांगला. जुन्या भट्टीची काळी भाजलेली माती असेल तर तीच परत वापरतात, ती तडकत नाही. बुडाशी चहूबाजूंनी हातभर अंतरावर हवेची भोकं.

विस्तव वरून धुराड्यात टाकायचा, पेट घेतला की तोंड बंद. इथून पुढं सगळी नजर धुरावर. पहिला धूर दाट, पांढरा, ओला असतो. ते नुसतं पाणी चाललंय. १७० अंशांच्या वर लाकूड फुटायला लागतं, २७०-२८० च्या पुढं भट्टी स्वतःच्या उष्णतेवर चालते. तेव्हा धूर पिवळसर, झोंबणारा होतो. त्यात डांबर आणि आम्ल असतं. धूर निळसर, पातळ झाला की त्या भागाचं काम झालं. ते भोक बुजवायचं आणि खालच्या अंगाला नवीन पाडायचं. असं वरून खाली यायचं. ४०० अंशांपाशी कोळसा दिसायला तयार दिसतो, पण त्यात डांबराचा अंश बराच असतो. ५०० पर्यंत गेला तरच शेगडीत धूर न करणारा माल होतो. घाई करणारा इथंच चुकतो.

जाळ ५ ते ७ दिवस, मग सगळी भोकं लिंपून ३-४ दिवस निवणं. या काळात रात्री राखण लागते. मातीचं कवच एका जागी खचलं आणि दोन तास लक्ष गेलं नाही, तर त्या भागाची राख होते. भट्टी सावकाश बसत जाणं बरोबर. एका जागी अचानक खळगा पडला म्हणजे आत जाळ लागलाय. लगेच पाला आणि ओली माती टाकून बंद करायचं. खळग्यापाशी वर चढून कुणी माती टाकू नये, पाय आत जातो. फळी आडवी टाकून कडेनं काम करायचं.

आता फरक बघा. त्याच ५ टन लाकडाचे १५ टक्क्यांनी ७५० किलो, म्हणजे २५ पोती. २२ टक्क्यांनी ११०० किलो, म्हणजे ३६-३७ पोती. मधली ११-१२ पोती ही वाळवण, माच, योग्य माती आणि रात्रीची राखण यांतून येतात. त्यात पैसा फारसा नाही, वेळ आहे. ठेकेदाराला वेळ नसतो, कारण लाकूड त्याला स्वस्तात पडलेलं असतं. लाकडाला खरी किंमत मोजावी लागली तर वाळवणीला दोन महिने थांबायला कुणी नाही म्हणणार नाही.

कासारी_खोरं

नीट लिहिलंय. एक विचारतो, पत्र्याच्या पिंपाची भट्टी आणि विटांची भट्टी, यांचा उतारा?

जांभ्यावरचा

२०० लिटरचं पिंप बांधावरच्या छाटणीला ठीक. ५ सेंटीमीटरच्या आतली काटकी, ३० सेंटीमीटर लांब तुकडे. जाळ दोन-तीन तासांत उरकतो, रात्रभर निवतं. जाड लाकडाला उपयोग नाही आणि पत्रा काही हंगामांतच जळतो.

विटांच्या कायम भट्टीत २५ ते ३० टक्के मिळतात, पण ती एका जागी असते. लाकूड तिथवर आणावं लागतं, म्हणजे डोंगरातल्या वाडीला परवडत नाही. आफ्रिकेत सेनेगलमध्ये मातीच्या भट्टीलाच पिंपं एकावर एक जोडून धुराडं लावतात. त्यानं हवा उलटी खाली ओढली जाते, जाळ एकसारखा जातो आणि डांबर धुराड्यात उतरतं. आपल्याकडं हे करायला अडचण काहीच नाही, वेल्डिंगवाला गावात असतोच. धूर परत भट्टीत जाळणारे रिटॉर्टही आहेत, त्यांत वाळक्या लाकडाचा उतारा ३० च्या वर जातो आणि पिवळा धूर बाहेर फार कमी येतो. वस्तीजवळ भट्टी असेल तर खरं म्हणजे तोच प्रकार हवा.

वनहद्द

आता कायद्याचं. यात लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात: झाड तोडणं, कोळसा भाजणं आणि माल हलवणं.

तोडणं: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४. यातल्या अनुसूचीतली झाडं स्वतःच्या सातबाऱ्यातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यात हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चंदन, तिवस, अंजन, किंजळ, ऐन ही झाडं येतात. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या भट्टीत जाणारं चांगलं लाकूड म्हणजे ऐन, किंजळ आणि जांभूळच. म्हणजे बहुतेक वाद इथंच सुरू होतो.

भाजणं: भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६. राखीव वनात कोळसा किंवा चुना भाजणं हा स्पष्टपणे गुन्हा आहे. लाकूड बाहेरून आणलं आणि भाजलं वनहद्दीत, तरी तोच गुन्हा.

हलवणं: हे कुणाला माहीत नसतं. त्याच अधिनियमाच्या कलम २(४) मध्ये वनोपजाची व्याख्या आहे. काही वस्तू वनातून आल्या तरच वनोपज ठरतात. पण लाकूड, कोळसा, कात, राळ, हिरडा अशी एक यादी आहे, जी वनातून आली असो वा नसो, वनोपजच. कोळसा त्या यादीत नाव घेऊन आहे. त्यामुळं "माझ्या बांधावरच्या बाभळीचा कोळसा, मला पास कशाला" हे म्हणणं टिकत नाही. वाहतुकीच्या परवान्याची चौकशी परिक्षेत्र वनअधिकाऱ्याकडं गाडी भरायच्या आधी करा. नाक्यावर गाडी अडली की माल आणि वाहन दोन्ही जप्त होऊ शकतात, आणि त्यात बऱ्याचदा गाडीमालक अडकतो, व्यापारी नाही.

कासारी_खोरं

मग सुबाभूळ, निलगिरी, वेडी बाभूळ?

वनहद्द

ती त्या अनुसूचीत नाहीत, तोडीचा प्रश्न सोपा होतो. कोळशाच्या वाहतुकीचा प्रश्न तरी विचारूनच घ्या. आणि गायरान विसरू नका. गायरानावरची वेडी बाभूळ कुणाचीच नाही असं समजून ठेका दिला जातो. गायरान सरकारी जमीन आहे, सरपंचानं तोंडी "घ्या" म्हटलं म्हणून परवानगी होत नाही.

जांभ्यावरचा

झाडांवरून एक भर. खोड तोडल्यावर फुटवा येतो का, यावर सगळं अवलंबून. वेडी बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, गिरीपुष्प जोरात फुटतात. ऐन, किंजळ, जांभूळ फुटतात, पण वाढायला वेळ घेतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचा आणि सुरूचा फुटवा भरवशाचा नाही, तिथं परत लागण करावी लागते.

तोड हिवाळ्यात, धारदार कोयत्यानं किंवा करवतीनं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिरपी. पाणी खोडावर थांबता कामा नये. बोथट कुऱ्हाडीनं घाव घातले की साल फाटते आणि फुटवा त्याच सालीतून यायचा असतो. फुटव्यातले दोन-तीन सरळ ठेवून बाकी काढायचे. पहिली दोन वर्षं शेळ्या आत नकोत. तीच खोडं दर तीन-चार वर्षांनी तोडली तर ऐनासारखं झाड खंगत जातं, मग करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीच उरते. डोंगर हिरवा दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तुळशी_खोरं

लक्षात येतं हो, बायकांच्या येतं. भट्टीवाला नुसते ओंडके नेत नाही. फटीत ठासायला काटक्या, झाकायला पाला, माचाला फाटे, सगळं तिथलंच. म्हणजे घरचं जळण वेचायची जागा तीच आणि भट्टीची जागा तीच. शिवाय तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, त्याच झाडांची तोडतात. भट्टी लागली त्या वर्षी कवळीला लांब जावं लागतं, मग तरवा कमी भाजला जातो आणि तण माजतं. हा खर्च कुठल्याच पोत्यावर लिहिलेला नसतो.

धनगरवाड्यांचंही असंच आहे. हिरडा, जांभळं, करवंदं, मध यांवर उन्हाळ्याचे तीन महिने निघतात. जांभळाचं एक मोठं झाड भट्टीत गेलं तर पोती किती, आणि तेच झाड दहा वर्षं जांभळं देतं तर पाट्या किती? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला बायकांना पुढं करा. उत्तर त्यांच्याकडं तयार असतं.

दवापाणी

धुराचं लिहिते. भट्टीच्या धुरात बारीक कण असतात, आम्लाची वाफ आणि डांबर असतं, आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पहिले दोन दिसतात, झोंबतात. तिसरा दिसत नाही, वासही येत नाही.

हिवाळ्यात खोऱ्यात रात्री गार हवा खाली बसते आणि वर उबदार थर झाकणासारखा राहतो. संध्याकाळी सोडलेला धूर सकाळी नऊपर्यंत वस्तीतच असतो. बारीक कणांची २४ तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची १५. दम्याचे रुग्ण, गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं यांना हा धूर सगळ्यात आधी लागतो. त्यामुळं जिथून वारा वस्तीकडं येतो त्या बाजूला भट्टी नको आणि खोलगटात तर नकोच. उंचवट्यावर, मोकळ्या वाऱ्याला.

कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्टपणे रक्ताला चिकटतो. भट्टी फोडताना, किंवा मजूर उबेसाठी भट्टीच्या आडोशाला झोपतात तेव्हा, हा धोका असतो. डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पायातलं बळ जाणं. तिथं काम करणाऱ्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी झाली तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब उघड्यावर आणा, १०८ ला फोन करा, ऑक्सिजन लावावा लागतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास.

एक गोष्ट आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनाही सांगून ठेवा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजन असलेलंच वाटतं. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस बेशुद्धीकडं चाललेला असेल. आकड्यावर न जाता लक्षणांवर जा.

आणि कोळसा विकत घेणाऱ्यांसाठी: थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून लोक निर्धास्त होतात.

कासारी_खोरं

ताई, ऑक्सिमीटरचं खरंच माहीत नव्हतं. आशाताईंच्या गटावर टाकतो.

उचल_खर्ची

मजुरीवर अजून कुणी बोललं नाही. त्याशिवाय हा धागा अर्धा आहे.

भट्टीवर राबतात त्यांत कातकरी जोड्या बऱ्याच असतात, मूळच्या मुख्यतः रायगड, ठाणे, रत्नागिरीकडच्या. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी कातकरी एक. पद्धत अशी: पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर नवरा-बायको, पोरांसकट, भट्टीवर. तिथं आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे तेल-मीठ-तांदळापुरते पैसे. हिशोब हंगामाच्या शेवटी, पोत्यावर. त्यातून उचल वजा, खर्ची वजा, फुटलेल्या भट्टीचं नुकसान वजा. शेवटी हातात काही येत नाही, उलट बाकी निघते आणि ती पुढच्या हंगामावर जाते.

वर जांभ्यावरचा यांनी रात्रीची राखण लिहिली. ती राखण कोण करतं? तीच जोडी, पाळीपाळीनं. सात दिवस जाळ आणि चार दिवस निवणं, या अकरा दिवसांच्या रात्री कुणी मजुरीत धरत नाही. पोत्याचा दर ठरतो तो फक्त भरलेल्या पोत्याचा. लाकूड तोडणं, वाहणं, रचणं, लिंपणं, राखण, फोडणं, चाळणं, भरणं हे सगळं त्या एका दरात.

कायदा स्पष्ट आहे. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ नुसार उचल फेडण्यासाठी काम करायचं बंधनच रद्द आहे, आणि वेठबिगारी लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साखळदंड किंवा मारहाण असली तरच वेठबिगारी असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम हेसुद्धा सक्तीची मजुरी ठरवलं. तक्रार प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं. सुटका झाल्यावर मुक्तता प्रमाणपत्र हातात घ्या. ते नसेल तर पुनर्वसनाचं काहीच मिळत नाही आणि कुटुंब पुढच्या पावसाळ्यात त्याच मुकादमाच्या दारात जातं.

गावानं करायच्या साध्या गोष्टी: बाहेरून कुटुंबं आली की पोरांची नावं जवळच्या शाळेत घालून घ्या. शिक्षण हक्क कायद्यानं वयानुसार प्रवेश द्यावाच लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. रेशनकार्ड आता दुसऱ्या ठिकाणीही चालतं, दुकानदार नाही म्हणाला तर तलाठ्यामार्फत तहसील गाठा. आणि अंगणवाडीत लहान पोरं घ्या. भट्टीच्या कडेला रांगणारं पोर हे दृश्य गावानं खपवून घेऊ नये.

तुळशी_खोरं

शेवटच्या वाक्याला माझंही अनुमोदन.

पाचटवाला

थोडं दुसऱ्या बाजूनं. कोळशाची मागणी आहे तोवर भट्टी बंद करा म्हणून ती बंद होत नाही. आपल्या जिल्ह्यात ऊस आहे आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि अजूनही बरंच पेटवलं जातं. पुण्याच्या आरती संस्थेनं पाचटापासून कोळसा करायची फिरती भट्टी बनवली, त्याबद्दल संस्थेला २००२ चा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. पाचट बंद डब्यांत दाबून भरायचं, डबे भट्टीत ठेवायचे, बाहेरून पाचटाचाच जाळ. डब्यातून निघणारा वायू परत जाळात जातो. वाळक्या पाचटाच्या साधारण पाव वजनाएवढी कोळशाची भुकटी मिळते.

भुकटीच्या कांड्या करायच्या. १०० किलो भुकटी ३ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून घ्या. ६ ते ८ किलो मैदा किंवा साबुकंदाचं पीठ ५०-६० लिटर पाण्यात शिजवून खळ करा. मळून यंत्रातून कांडी काढा आणि दोन-तीन दिवस वाळवा, पहिला दिवस सावलीत. थेट उन्हात टाकली तर कांडी तडकते. खळ कमी झाली तर पोत्यातच भुगा होतो, जास्त झाली तर पेटताना धूर येतो. नीट वाळली नाही तर आठवड्यात बुरशी. भुकटी चिकटवायला माती घालू नका, राख वाढते.

मातीपरीक्षण

@पाचटवाला दादा, पद्धत बरोबर आहे, पण सगळं पाचट कोळशाला नको. पाचटात नत्र ०.४ ते ०.५ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. साडेतीन टन पाचट म्हणजे १५ किलोच्या आसपास नत्र, ते भाजताना बहुतेक उडून जातं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेल्या उसात, पाचट जागेवर कुट्टी करून सरीत ठेवलं आणि एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं तर जमीन सुधारते, पाणीही वाचतं. लागणीसाठी रान मोकळं करायचंय आणि पाचट पेटवणारच आहेत, तिथं कोळसा करा. खोडव्यातलं उचलू नका.

दुसरं, पाचटाच्या कोळशात राख जास्त. मुळात पाचटात ५ ते ८ टक्के राख असते, भाजल्यावर वजन चौथाई होतं पण राख तेवढीच राहते. म्हणजे २० ते ३० टक्क्यांवर जाते. तंदूरवाला ते घेणार नाही. इस्त्रीवाला, घरची शेगडी, टपरीचा चहा यांना चालेल. लाकडी कोळशाची सगळी मागणी यातून भागेल असं ग्रामसभेत सांगू नका, नंतर तोंडघशी पडाल.

भट्टीच्या जागेबद्दलही लिहितो. जुन्या भट्टीखालची माती विटेसारखी लाल होते, सेंद्रिय पदार्थ जळतो, पहिल्या पावसाला तिथं गवतही उगवत नाही. पण कडेचा कोळशाचा चुरा आणि राख यांत पालाश असतो आणि आपल्या जांभ्या मातीचं आम्ल त्यानं कमी होतं. नाचणीच्या रानात पातळ पसरा. ढीग ओढ्याकाठी टाकू नका. भट्टीतून गळणारं काळं आंबट पाणी तर झऱ्यापासून लांबच हवं, त्यात फिनॉल असतात.

पाचटवाला

मान्य. खोडव्याचं मीही धरलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

भोगावतीकाठ

मंडळी, खूप मिळालं. ग्रामसभेसाठी एवढं काढलंय: एक, भट्टीवाल्यानं लाकूड कुठल्या गटातलं, कुठल्या जातीचं, किती टन हे आधी लेखी द्यायचं. दोन, लाकूड दोन महिने वाळल्याशिवाय भट्टी लावायची नाही. तीन, जागा वस्ती, झरा आणि सड्यावरचं (डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचं) गवत यांपासून लांब, भोवती तीन मीटर जाळरेषा, फोडताना पाण्याचं पिंप भरलेलं. चार, मजुरांची नावं, उचल आणि दर ग्रामपंचायतीत नोंद. पाच, पोरं शाळेत. काही राहिलं का?

उचल_खर्ची

चौथ्यात "वजन मजुरासमोर" हे घाला. पोतं मोजताना तूट म्हणून किलो-दोन किलो कापतात. कारण सांगतात माल ओला आहे.

जांभ्यावरचा

त्याची तपासणी सोपी आहे. भट्टीतून नुकता निघालेला कोळसा जवळजवळ कोरडा असतो, पाणी एक टक्क्याच्या आत. उघड्यावर राहिला की हवेतलं पाणी ओढून ५ ते १० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ताज्या मालावर ओलाव्याची तूट लावायला आधारच नाही. भांडण झालं तर एक किलो कोळसा फोडून तव्यावर मंद आचेवर तासभर तापवा, पेटू न देता, आणि परत तोला. जेवढं कमी झालं तेवढंच पाणी. पाणी मारून वजन वाढवलेला मालही यातच सापडतो, त्यामुळं व्यापाऱ्यालाही ही तपासणी नाकारता येत नाही.

मात्र भट्टी फोडली त्याच दिवशी पोती भरू नका. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढतो आणि आपोआप तापतो, एखादा निखारा आत राहिला असेल तर रात्री गाडीत पेट घेतो. दताळ्यानं पातळ पसरून २४ तास उघड्यावर ठेवा, मग चाळा, मग भरा. चांगला तुकडा आपटला तर खणखण वाजतो, मोडला तर आतून चकचकीत दिसतो. तपकिरी, जड, आपटल्यावर बद्द वाजणारा वेगळा काढा. तो कच्चा आहे, पुढच्या भट्टीत परत मधे घालायचा.

भोगावतीकाठ

चौथ्या मुद्द्यात वजनाचं घातलं, तिसऱ्यात २४ तासांचं. ठरावाचा मसुदा रविवारी इथंच टाकतो. @वनहद्द, वाहतुकीची ओळ तुम्ही एकदा बघून द्या.

वनहद्द

देतो. गट नंबरांसोबत सातबाऱ्याचा उतारा जोडायला सांगा. नुसता नंबर दिला तर शेजारच्या वनगटातलं लाकूड त्यावर दाखवलं जातं.